घड्याळ पुण्याचं, घर व्हॅलेन्सियात: वस्ती कशी निवडावी?

पत्र: व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात दोन वर्षांच्या संशोधनासाठी माझी निवड झाली आहे. १ सप्टेंबरला रुजू व्हायचंय. सोबत नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. नवऱ्याची पुण्यातली नोकरी तिथूनच चालू राहील, कामाची वेळ मात्र भारतीय. भाड्याला महिना फार तर ११०० युरो काढता येतील. तिथे राहून आलेले लोक रुसाफाचं नाव घेतात, कुणी म्हणतं समुद्राजवळ राहा. वस्ती कुठली धरावी? घर इथूनच ऑनलाइन ठरवून ठेवलं तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: नवऱ्याची भारतीय वेळ. पुण्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा व्हॅलेन्सियात उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, की मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत पहाटेचे साडेचार. म्हणजे या माणसाला रात्री नऊ-साडेनऊला अंथरुणावर पडायला हवं. आणि स्पेनमध्ये नऊ-साडेनऊ ही लोकांची जेवायला बाहेर पडायची वेळ. विद्यापीठापासूनचं अंतर, समुद्र, बाजार हे सगळं त्यानंतर. तुमची वस्ती तुमच्या घरात सगळ्यात आधी झोपणारा माणूस ठरवणार आहे.

म्हणून रुसाफा सोडा. वस्ती सुंदर आहे, मंडई छान आहे, पण गल्लोगल्ली फुटपाथवर खुर्च्या मांडलेले बार आहेत आणि उन्हाळ्यात मध्यरात्र उलटून गेली तरी त्या खुर्च्या भरलेल्या असतात. भाडंही तुमच्या आकड्यात बसणं कठीण. शिवाय रुसाफा मध्यवर्ती शहराच्या दक्षिणेला आणि तुमचं विद्यापीठ ईशान्येच्या टोकाला, कामिनो दे वेरावर. रोज शहर ओलांडून जावं लागेल. जुन्या शहरातलं एल कार्मेन याच कारणासाठी बाद. तिथे आवाजाचा त्रास इतका की महापालिकेने तो भाग आवाजाने भरून गेलेला विभाग म्हणून जाहीर केला आहे. स्पॅनिशमध्ये अशा विभागाला थोडक्यात ‘सास’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण असाच एक सास तुमच्या विद्यापीठाच्या बाजूलाही आहे: शुकेर चौकाभोवतीचा.

विद्यापीठाभोवतालचा नकाशा आता नीट बघा. कॅम्पसच्या पश्चिमेला बेनिमाक्लेत. एकोणिसाव्या शतकात हे वेगळं गाव होतं. अजूनही मधला चौक, चर्च आणि बुटकी घरं गावासारखीच आहेत, त्यांच्याभोवती साठ-सत्तरच्या दशकांतल्या उंच इमारती. कॅम्पस चालत पंधरा-वीस मिनिटांवर. मेट्रोच्या ३ आणि ९ या लाइनी आणि ट्रामच्या ४ आणि ६ एकाच स्थानकात भेटतात. इथे मधला चौक आणि त्याला लागलेल्या गल्ल्या टाळायच्या, कारण विद्यार्थ्यांचा अड्डा तिथेच. त्याच बेनिमाक्लेतमध्ये चौकापासून पाच-सात मिनिटं उत्तरेला, शेतांच्या बाजूला सरकलात की रात्री बऱ्यापैकी शांतता असते. वस्तीचं नाव तेच, रात्र वेगळी.

कॅम्पसच्या दक्षिणेला अल्जिरोस हा मोठा विभाग. त्यात ब्लास्को इबान्येस हा रुंद हमरस्ता, शुकेर चौक आणि सेद्रो चौक हे विद्यार्थ्यांच्या बारचे पट्टे. गुरुवारची रात्र ही तिथली शनिवारची रात्र, हेही जाताजाता सांगून ठेवतो. पण त्याच विभागातल्या लामिस्तात आणि लीया पेर्दुदा या वस्त्यांमध्ये घरंदारं करून वर्षानुवर्षं राहिलेली कुटुंबं आहेत, शाळा आहेत, विभागाची मंडई आहे, ५ आणि ७ लाइनीची मेट्रो आहे. आमचा पहिला कौल या दोन वस्त्यांच्या आतल्या गल्ल्यांना, दुसरा बेनिमाक्लेतच्या उत्तर कडेला.

बजेट आणखी आवळायचं असेल तर ओर्रिओल्स. ट्राम ६ तिथून थेट विद्यापीठात येते. निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती. कोथिंबीर, डाळी, मसाले त्यांच्या दुकानांत सहज मिळतात. तिथे जाऊ नका असं व्हॅलेन्सियातलेच काही लोक सांगतील. त्यातला बराच भाग पूर्वग्रहाचा; पण इमारती जुन्या, भिंती पातळ आणि लिफ्ट नसलेले जिने बरेच, हे खरं. शिवाय तिथे लेवान्ते क्लबचं फुटबॉल स्टेडियम आहे. सामन्याच्या संध्याकाळी ट्राम तुडुंब.

समुद्राजवळ म्हणजे मुख्यतः काबान्याल. कोळ्यांची जुनी वस्ती, रंगीत टाइल लावलेली घरं. ब्लास्को इबान्येस रस्ता या वस्तीतून थेट समुद्रापर्यंत न्यायचा बेत वर्षानुवर्षं लटकत राहिला. तोवर तिथली बरीच घरं दुरुस्तीविना पडून राहिली, आणि आता त्यांतली कितीतरी पर्यटकांसाठी दिली जातात. त्यामुळे एक गल्ली देखणी आणि शेजारची मोडकळीला आलेली, असा प्रकार. समुद्राची हवा म्हणजे दमट भिंती आणि गंजलेल्या खिडक्या. कोकणातल्या घराची सवय असेल तर कळेलच. विद्यापीठाला ट्रामने जवळ आहे हे मान्य. पण दोन वर्षांसाठी आणि लहान मुलीला घेऊन जाताना आम्ही हे दुसऱ्या वर्षासाठी ठेवू, म्हणजे गल्ल्या पायाखालून गेलेल्या असतील.

अल्बोराया हे हॉर्चाता या गोड पेयाचं गाव, शहराला चिकटलेलं. मेट्रो ३ आणि ९ ने बेनिमाक्लेतपासून दोन-तीन स्थानकं. शांत आणि कुटुंबांना सोयीचं. एक लक्षात ठेवा, तिथली नगरपालिका वेगळी. रहिवासी नोंदणी आणि शाळेचा अर्ज सगळं तिथेच होणार, व्हॅलेन्सियात नाही.

आणि एक भाग साफ टाळायचा. जाहिरातीत गाव ‘व्हॅलेन्सिया’ लिहिलेलं असतं, भाडं बरंच कमी असतं, पत्ता असतो ला तोर्रे किंवा कास्तेयार. १४ ऑक्टोबर १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदीचं पात्र शहरातून उचलून दक्षिणेला नेलं गेलं. जुन्या पात्रात आज लांबच लांब बाग आहे. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात त्या नव्या पात्राच्या उत्तरेकडचं शहर वाचलं आणि दक्षिणेकडच्या ला तोर्रे, पायपोर्ता, कातार्रोखा, आल्फाफार या भागांत पाणी शिरलं. ला तोर्रे आणि कास्तेयार व्हॅलेन्सिया महापालिकेतच मोडतात, म्हणून जाहिरातीतल्या शहराच्या नावावरून फसायला होतं. कुठलंही घर पसंत करण्याआधी पत्ता प्रादेशिक सरकारच्या ‘पात्रिकोवा’ पूरनकाशात टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता आकडे. २०२५ मध्ये शहरातल्या जाहिरातींचा दर साधारण १५ युरो प्रति चौरस मीटरच्या आसपास होता. तुमच्या ११०० युरोंत सत्तरेक चौरस मीटर बसतील, म्हणजे आपल्याकडचं टू बीएचके. जाहिरातीतलं ‘दोस आबितासिओनेस’ म्हणजे दोन बेडरूम; हॉल वेगळा असतो आणि तो त्यात मोजत नाहीत. ‘कोन्स्त्रुइदोस’ म्हणजे बिल्टअप आणि ‘उतिलेस’ म्हणजे कार्पेट; जाहिरात बहुधा पहिला आकडा छापते. बार्सिलोनासारखी भाड्याची कायदेशीर मर्यादा इथे लागू नाही, त्यामुळे घासाघीस करायला कायद्याचा आधार मिळणार नाही.

मजल्यांचा हिशोबही वेगळा. ‘बाखो’ म्हणजे तळमजला. त्यावर काही इमारतींत ‘एन्त्रेस्वेलो’, मग ‘प्रिन्सिपाल’, आणि त्यानंतर कुठे पहिला मजला. जाहिरातीतला ‘चौथा मजला, सिन आसेन्सोर’ म्हणजे लिफ्ट नाही आणि अशा इमारतींत चढायचे खरे मजले पाच किंवा सहा. वाणसामान, मुलीची सायकल आणि काही घरांत १२.५ किलोचं गॅस सिलिंडर, सगळं त्याच जिन्याने वर न्यायचं.

‘एक्स्तेरिओर’ म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेलं घर, ‘इन्तेरिओर’ म्हणजे आतल्या चौकाकडे. सगळेजण एक्स्तेरिओर घ्या म्हणतात, आणि हॉलसाठी ते बरोबरच आहे, उजेड येतो. पण नवऱ्याची झोपायची खोली आतल्या बाजूला असलेलं घर शोधा. दुहेरी काचेच्या खिडक्या आणि ‘पेर्सियाना’, म्हणजे बाहेरून खाली ओढायची पट्ट्यांची झडप, आहे का बघा. झडप ओढली की खोलीत मिट्ट काळोख होतो. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊलाही उजेड असतो, तेव्हा तिची किंमत कळते. मात्र हा आतला चौक फार अरुंद असेल तर शेजारच्या सगळ्या स्वयंपाकघरांचा आवाज त्यातून घुमत वर येतो. खोलीत दोन मिनिटं गप्प उभं राहा आणि ऐका.

दिशा आग्नेय किंवा पूर्व असावी. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, तो याच बाजूने. पश्चिमेच्या घरात जुलै-ऑगस्टची संध्याकाळ भट्टीसारखी. हिवाळा सौम्य असतो, म्हणूनच बहुतेक जुन्या घरांत गरम करण्याची काहीच सोय नसते आणि जानेवारीत घर बाहेरच्यापेक्षा गार वाटतं. एसी ‘फ्रियो-कालोर’, म्हणजे गारही करणारा आणि गरमही करणारा आहे का, एवढं विचारा.

स्वयंपाकघर. बहुतेक ठिकाणी गॅसऐवजी काचेची विजेची शेगडी असते, ‘बित्रोसेरामिका’ किंवा इंडक्शन. गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा उपयोगाचे नाहीत. सपाट बुडाचा स्टीलचा कुकर न्या, कारण अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापणारच नाही. चिमणी हवा बाहेर सोडते की नुसती फिल्टरमधून फिरवते तेही बघा. फिरवणारी असेल तर मिरचीच्या फोडणीचा ठसका संध्याकाळपर्यंत पडद्यांत राहील. कपडे धुण्या-वाळवण्याची छोटी गॅलरी स्वयंपाकघराला लागून असेल तर उत्तम, दार उघडलं की धूर बाहेर. आणि वीज: प्रत्येक घराची ‘पोतेन्सिया’, म्हणजे एकावेळी ओढता येणारी वीज, करारात ठरलेली असते. ती ३.४५ किलोवॅट असली तर शेगडीचे दोन भाग, ओव्हन आणि एसी एकत्र चालू केल्यावर घर अंधारात. नवऱ्याची मीटिंगही त्यातच जाणार. मागचं वीजबिल दाखवायला सांगा, आकडा त्यावर असतो.

आवाजाचा आणखी एक स्रोत परदेशी माणसाच्या लक्षात येत नाही: ‘कासाल’. मार्चमधल्या फायास उत्सवाची मंडळं असतात, आपल्या गणेश मंडळांसारखी. शहरात साडेतीनशेहून जास्त. प्रत्येकाचं कार्यालय म्हणजे कासाल, बहुधा एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर. उत्सवाचे मुख्य दिवस १५ ते १९ मार्च, पण कासालमध्ये जेवणावळी आणि संगीत वर्षभर अधूनमधून चालू असतं. मार्चचे ते दिवस सगळ्या शहराला सहन करावे लागतात, त्यातून सुटका नाही. पण कासालच्या बरोबर वरचं घर घेणं म्हणजे मंडपावरच बिऱ्हाड थाटणं. नकाशात ‘कासाल फायेर’ शोधा आणि त्या इमारती वगळा. तसंच इमारतीच्या फाटकाला किंवा जवळच्या जाळीला आकड्यांच्या छोट्या किल्लीपेट्या लटकत असतील तर वर पर्यटकांची घरं आहेत. मध्यरात्री चाकांच्या बॅगा जिन्यावरून वर येणार.

घर इथूनच ठरवायचं का, याचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. घरमालक परदेशी आहे, किल्ली कुरिअरने येईल, आधी अनामत पाठवा, हा सापळा वर्षानुवर्षं तसाच चालू आहे. पण पत्ता खरा, घर खरं आणि मालक खरा असला तरी गुरुवारी रात्री अकरा वाजता त्या गल्लीत उभं राहिल्याशिवाय तुमच्या घराला ती गल्ली चालेल का, हे कळणार नाही. जमलं तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जा आणि तीन-चार आठवड्यांसाठी तात्पुरती खोली घ्या. विद्यार्थ्यांनी जून-जुलैत सोडलेली घरं तेव्हा मोकळी असतात. २० ऑगस्टनंतर नवे विद्यार्थी येऊ लागले की झुंबड उडते. तोटा असा की निम्मे एजंट सुटीवर असतात, आणि विद्यार्थ्यांच्या गल्ल्यांमधली ऑगस्टची शांतता खोटी असते. तेव्हा आवाज ऐकण्यापेक्षा खुणा वाचा: गल्लीत बार किती, बंद असले तरी बाहेर साखळीने बांधून ठेवलेल्या खुर्च्या किती, बाल्कन्यांतून आवाजाविरुद्धचे फलक लटकताहेत का.

करार कुठला, हे वस्तीइतकंच महत्त्वाचं. तुम्हाला हवा ‘बिबिएन्दा आबितुआल’, म्हणजे कायम राहण्याच्या घराचा करार. त्यात मालक व्यक्ती असेल तर पाच वर्षांपर्यंत, कंपनी असेल तर सात वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क मिळतो. तुम्ही मात्र सहा महिन्यांनंतर ३० दिवसांची नोटीस देऊन केव्हाही निघू शकता. करारात लिहिलेलं असेल तर उरलेल्या काळासाठी वर्षाला एक महिन्याचं भाडं या हिशोबाने भरपाई द्यावी लागते. ते कलम आहे का बघून सही करा, कारण तुमचा मुक्काम दोनच वर्षांचा. विद्यापीठाच्या आसपास तुमच्यापुढे सारखा येईल तो ‘तेम्पोरादा’, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचा करार, बहुधा अकरा महिन्यांचा किंवा सप्टेंबर ते जून. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार नेहमीचा, म्हणून तो ओळखीचा वाटतो आणि लोक निमूट सही करतात. तिथे त्याचा अर्थ असा की वरची सगळी संरक्षणं गेली.

पैशांचे नियमही दोन्हींत वेगळे. कायम घराच्या करारात कायदेशीर अनामत, ‘फियान्सा’, एक महिन्याची. त्यावर जास्तीची हमी म्हणून फार तर आणखी दोन महिने मागता येतात. मे २०२३ पासून एजंटची फी घरमालकाने द्यायची आहे; ‘व्यवस्थापन सेवा’ वगैरे नावाने तुमच्याकडे मागितली तर नाही म्हणा. एकापेक्षा जास्त महिन्यांचं भाडं आगाऊ मागायलाही मालकाला परवानगी नाही. तेम्पोरादा करारात फियान्सा दोन महिन्यांची आणि एजंटची फी तुमच्या माथी मारता येते. एजंट लोक हाच करार का पुढे करतात ते यावरून कळावं.

अडचण येईल ती पगारपत्रकांची. मालक शेवटच्या तीन ‘नोमिना’ मागतात आणि तुमच्याकडे एकही नसणार. विद्यापीठाचं नेमणूकपत्र रकमेसह आणि कालावधीसह स्पॅनिशमध्ये मागून घ्या. नवऱ्याच्या पगारपत्रकांचं स्पॅनिश भाषांतर जोडा. सही करण्याआधी मालमत्ता नोंदणी कार्यालयाकडून ऑनलाइन ‘नोता सिंप्ले’ काढा. साधारण दहा युरो लागतात आणि घर खरोखर कुणाच्या नावावर आहे ते कळतं. दहा युरो वाचवण्याची ही जागा नव्हे.

आणि पादरोन. महापालिकेतली रहिवासी नोंदणी. शाळा आणि ‘सिप’ हे आरोग्यकार्ड यांसाठी ती लागतेच, परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रालाही बहुधा मागतात. या ओळखपत्राचा अर्ज स्पेनमध्ये पोचल्यापासून महिन्याभरात करायचा असतो, म्हणजे घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू. काही मालक ‘नोंदणी करायची नाही’ असं म्हणतात. कायद्याने ते अडवू शकत नाहीत, तिथे राहणाऱ्यावर नोंदणीचं बंधनच आहे. पण भांडत बसायला तुमच्याकडे वेळ नसेल, म्हणून घर बघतानाच विचारा आणि कां-कूं झालं तर पुढचं घर बघा. करारावर तुमचं आणि नवऱ्याचं, दोघांचं नाव घाला. मुलीच्या नोंदणीसाठी जन्मदाखला लागेल, तोही अपोस्टिल (परदेशात दाखला ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) केलेला आणि अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिशमध्ये केलेला. आधी राज्य पातळीवर पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, हे सगळं साताऱ्यात असतानाच उरका. तिथून करायचं म्हटलं तर महिने जातात. लग्नाच्या दाखल्याचंही तेच.

शाळेबद्दल थोडक्यात. ज्या वर्षी मूल सहाचं होतं, त्या सप्टेंबरात प्राथमिकची पहिली सुरू होते. प्रवेशाची मुख्य फेरी वसंतात होऊन गेलेली असते, तुमचा अर्ज मुदतीनंतरचा ठरेल आणि जागा जिथे उरली असेल तिथे मिळेल. म्हणून घर पक्कं करण्याआधी महापालिकेच्या शालेय प्रवेश कार्यालयात जाऊन त्या भागात पहिलीच्या जागा कुठे आहेत ते विचारा. काही शाळांत शिकवण्याची मुख्य भाषा व्हॅलेन्सियन आहे, काहींत स्पॅनिश. सहा वर्षांची मुलगी दोन्ही उचलेल, पण दोन वर्षांनी परत येणार असाल तर आम्ही स्पॅनिशचं प्रमाण जास्त असलेली शाळा निवडू. ‘कोन्सेर्तादा’ म्हणजे सरकारी अनुदानावरची खासगी शाळा, त्यांतल्या बऱ्याच कॅथलिक संस्थांच्या. शाकाहारी असाल तर शाळेच्या जेवणाचं आधीच विचारून घ्या. प्रत्येक शाळेची तयारी वेगळी असते.

शेवटचं, पत्त्याविषयी. व्हॅलेन्सियात दारांना इमारतभर सलग क्रमांक असतात. पाचव्या मजल्यावरचं घर ‘पुएर्ता १५’ असू शकतं, आणि पत्त्यात मजल्याऐवजी तेवढंच लिहितात. करारावर, पादरोनवर आणि बँकेत तो क्रमांक एकसारखा लिहिला आहे ना ते तपासा. खालच्या टपालपेटीवर तिघांची नावं पहिल्याच दिवशी लावा. नाव नसलं की पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेची आणि सरकारी कार्यालयांची कितीतरी पत्रं अजूनही टपालानेच येतात.